ओपनईएमआर: सीमाभागातल्या छोट्या दवाखान्याला कितपत झेपतं?

ओपनईएमआर हे पेशंटच्या नोंदी संगणकावर ठेवणारं सॉफ्टवेअर. निकाल आधीच सांगतो. ओपीडीचा दवाखाना असेल, कागदी फाइल चालू ठेवायची असेल आणि लिनक्सला न बिचकणारा एक माणूस हाताशी असेल, तर ओपनईएमआर जरूर घ्या. ॲडमिट पेशंट, आतल्या मेडिकलचं बिल आणि 'आभा' (सरकारचा डिजिटल आरोग्य क्रमांक) हे सगळं एकाच पडद्यावर पाहिजे असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातल्या डॉक्टरांसमोर एरवी दोनच गोष्टी येतात. एक, दरमहा भाडं घेणारं ॲप, ज्यात आपल्या पेशंटची माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. दुसरं, कुणीतरी ओळखीच्यानं बांधून दिलेलं बिलिंग, ज्यात पेशंटचं नाव आणि रक्कम यापलीकडं काही उरत नाही. ओपनईएमआर या दोन्हींत बसत नाही. ते जीपीएल परवान्याचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. परवान्याचा पैसा लागत नाही, पेशंटच्या संख्येवर मर्यादा नाही, आणि सर्व्हर आपल्याच दवाखान्यात ठेवता येतो. घडण मात्र पूर्ण अमेरिकन. तिथले विम्याचे दावे, तिथली औषधांची यादी, तिथले पौंड आणि इंच हे सगळं सोबत येतं. ते काढून आपल्याला साजेसं करायला नेटानं बसलं तर तीन-चार संध्याकाळी जातात, आणि हे काम टाळलेल्या ठिकाणी दोन महिन्यांत सगळे परत वहीवर येतात.

संगणक मोठा लागत नाही. तीन-चार जणांच्या ओपीडीला आठ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप आणि २५६ जीबीची एसएसडी सर्व्हर म्हणून पुरते. त्यावर उबुंटू या लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती आणि डॉकर (प्रोग्रॅम तयार पेटीतून चालवणारं साधन) टाका. विंडोजवर झॅम्प टाकूनही चालतं, पण मध्येच अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट होणं ओपीडीच्या वेळेला परवडत नाही. डॉकरची इमेज (ती तयार पेटी) घेताना 'लेटेस्ट' असं लिहू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. नाहीतर एखाद्या दिवशी इमेज ओढली जाते, आतला प्रोग्रॅम नवा आणि डेटाबेस जुना अशी जोडी जमते, आणि लॉगिनच्या पुढं काही उघडत नाही. आणखी एक: कंटेनर (चालू असलेली पेटी) बंद करायच्या 'डाउन' कमांडला 'व्ही'चा पर्याय जोडला की व्हॉल्यूमही (डेटा साठवायच्या जागा) पुसले जातात, म्हणजे पेशंटसकट डेटाबेस गेला. कुठल्यातरी व्हिडिओत बघून ती कमांड जशीच्या तशी टाकणारे बरेच आहेत.

डॉकरशिवाय टाकत असाल तर पीएचपीच्या (ओपनईएमआर ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) सेटिंगमध्ये 'मॅक्स इनपुट व्हार्स' ३००० करा. मूळ १००० वर ठेवलं की मोठा फॉर्म सेव्ह होताना शेवटचे रकाने गुपचूप गळतात. एररही येत नाही, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. अपलोडची मर्यादा ३० एमबी ठेवा, स्कॅन केलेली जाड फाइल त्यात बसते.

पहिल्या लॉगिननंतर 'ॲडमिन'मधल्या 'कॉन्फिग'मध्ये जा (जुन्या आवृत्तीत याला 'ग्लोबल्स' म्हणत). 'लोकेल'च्या (देश-भाषेच्या सेटिंगच्या) पानावर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी करा, चलनाचं चिन्ह डॉलरवरून रुपयावर आणा, फोनचा देश-क्रमांक १ असतो तो ९१ करा, वेळ कोलकाता निवडा. मोजमापाच्या एककांत चार पर्याय दिसतात. इथं सगळे 'फक्त मेट्रिक' निवडतात आणि फसतात, कारण मग ताप सेल्सिअसमध्ये भरावा लागतो. आपल्याकडं वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, पण ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. सिस्टर '१०१' टाकते आणि मशीन ते सेल्सिअस समजतं. म्हणून 'दोन्ही दाखवा, मुख्य मेट्रिक' हा पर्याय घ्या. पडदा थोडा गजबजतो, पण ताप बरोबर नोंदला जातो. डेटाबेसच्या पोटात वजन शेवटी पौंडातच साठतं हेही लक्षात ठेवा. कुणी थेट टेबलातून यादी काढून दिली आणि साठ किलोची बाई १३२ दिसली तर घाबरायचं कारण नाही.

आता खरा मुद्दा, कागद. ओपनईएमआर घेतलं की कागद बंद होणार ही अपेक्षाच चुकीची आहे. संमतिपत्र सहीचं लागतं, सोनोग्राफीचा फॉर्म 'एफ' सहीचा लागतो, मेडिको-लीगलचे (पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या प्रकरणांचे) कागद मूळच लागतात. शिवाय मिरजेहून, बेळगावच्या केएलईतून, कोल्हापूरच्या सीपीआरमधून किंवा गोव्याच्या बांबोळीहून, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांतून आलेला पेशंट प्लास्टिकच्या पिशवीतून कागदच घेऊन येतो. म्हणजे फाइल राहणारच. मग सॉफ्टवेअरनं निदान ती फाइल शोधून द्यावी. या कामासाठी ओपनईएमआरमध्ये एक जुनं, कुणाच्या नजरेत न भरणारं साधन आहे: 'मिसलेनियस' मेनूतला चार्ट ट्रॅकर. आमच्या मते छोट्या दवाखान्यानं हे सॉफ्टवेअर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

ते असं चालतं. प्रत्येक पेशंटच्या नोंदीत 'एक्स्टर्नल आयडी' नावाचा रकाना असतो. त्यात मशीन आपोआप क्रमांक घालतं, पण तो बदलून तुमच्या कागदी फाइलचा क्रमांक तिथं घालता येतो. जुन्या दवाखान्यात २००५ पासूनचे क्रमांक फाइलींवर पडलेले असतील तर तेच ठेवा, नव्यानं मोजायला बसू नका. मग 'लिस्ट्स'मध्ये जाऊन फाइल ठेवायच्या जागांची यादी भरा: समोरचं रॅक, मागची खोली, माळा, मेडिको-लीगलचं कपाट. फाइल कपाटातून निघाली की रिसेप्शनवर ट्रॅकर उघडायचा, क्रमांक टाकायचा, पडद्यावर पेशंटचं नाव आणि फाइल सध्या कुठं आहे ते येतं. खाली दोन पर्याय: कुठल्या जागी जमा केली, किंवा कुणाकडं दिली. 'कुणाकडं' या यादीत फक्त सिस्टिमचे युजर दिसतात. त्यामुळं आठवड्यातून एकदा येणारे हाडांचे डॉक्टर, सोनोग्राफीवाले, विम्याची कागदपत्रं करणारा मुलगा या सगळ्यांना निदान नावापुरते युजर करून ठेवावे लागतात. संध्याकाळी बाहेर असलेल्या फाइलींचा रिपोर्ट काढला की कुठली फाइल कुणाच्या टेबलावर अडकली ते एका पानावर दिसतं.

क्रमांक हातानं टाकण्याऐवजी फाइलवर बारकोड लावला तर काम सेकंदावर येतं. यूएसबीचा साधा बारकोड रीडर मशीनला कीबोर्डच वाटतो, त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. अडतं ते लेबलाशी. सॉफ्टवेअर चार्टची लेबलं छापतं ती एव्हरी ५१६० सारख्या अमेरिकन शीटच्या मापात. आपल्या बाजारात मिळणाऱ्या ए-४ च्या लेबल शीटवर ती हळूहळू खाली सरकतात आणि शेवटच्या ओळीचा बारकोड दोन लेबलांत कापला जातो. शीटशी झगडत बसू नका. लहान थर्मल लेबल प्रिंटर घ्या, क्रमांकांची यादी एक्सेलला द्या आणि तिथून छापा. थर्मल लेबल फाइलच्या बाहेरच्या बाजूला उन्हात वर्षा-दोन वर्षांत फिकं पडतं, म्हणून क्रमांक मार्करनं कव्हरवर मोठा लिहिलेला असावाच.

फाइली लावायची पद्धत सॉफ्टवेअर ठरवत नाही, ती तुमची. दहा हजारांच्या आत फाइली असतील तर सरळ क्रमानं लावा. त्यापुढं गेल्यावर, आणि फाइल लावणारे हात दोनपेक्षा जास्त असतील तर, शेवटच्या दोन अंकांनी लावण्याची पद्धत बरी. फाइल ०४-१७-२८ असेल तर आधी २८ चा कप्पा, त्यात १७ चा गट, त्यात ०४. नव्या फाइली शंभर कप्प्यांत सारख्या पसरतात, रॅकचं शेवटचं टोकच फुगत नाही आणि दोघं एकाच कोपऱ्यात अडखळत नाहीत. सरासरी तीन मिलिमीटरची फाइल धरली तर तीन फुटी, पाच फळ्यांच्या रॅकवर साधारण पंधराशे बसतात. पण फळी ठासून भरू नका. हात आत जात नाही तिथं फाइल वरून आडवी टाकली जाते, आणि आडवी टाकलेली फाइल म्हणजे हरवलेली फाइल. काढलेल्या जागी जाड रंगीत पुठ्ठ्याचं आउट कार्ड खोचायची सवय ट्रॅकर आल्यावरही सोडू नये. लाइट गेली तर तेच कामाला येतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कागदाचं वेगळंच प्रकरण असतं. रॅक भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवा. टाचणी आणि लोखंडी क्लिप एका पावसाळ्यात गंजून कागदाला भोक पाडते, दोऱ्याचा टॅग वापरा. ईसीजी थर्मल कागदावर असतो, तो आपोआप उडतो. लॅमिनेशन केलं तर उष्णतेनं काळा पडतो. त्याची त्याच दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन, तिसरा उपाय नाही.

स्कॅनबद्दल एवढंच की सगळं स्कॅन करायचा हट्ट धरू नका. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, बायोप्सी, ऑपरेशनची नोंद, ॲलर्जीची नोंद आणि बाहेरच्या हॉस्पिटलचं शेवटचं पत्र एवढं पुरे. २०० डीपीआय ग्रे-स्केल बस्स. कागदपत्रांचे गट मशीनमध्ये आधीच दिलेले असतात, त्यात 'बाहेरचं हॉस्पिटल' आणि 'मेडिको-लीगल' असे दोन आपले घाला. गट न निवडता टाकलेला कागद नंतर कुणाला सापडत नाही, आणि गर्दीत रिसेप्शनवरची मुलगी पहिल्याच गटात सगळं टाकून मोकळी होते. त्यामुळं स्कॅनचं काम सकाळी अकराच्या गर्दीत नको, दुपारी द्या.

नावांचा घोळ हा सीमाभागाचा खास विषय आहे, आणि ओपनईएमआर यात निम्मीच मदत करतं. कर्नाटकातल्या आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत, चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्याच्या आधारवर मराठी आणि इंग्रजीत. रेशन कार्ड एका लिपीत, मिरजेचा रिपोर्ट दुसऱ्या स्पेलिंगात. दोन्हीकडं सारखी असणारी लिपी इंग्रजीच, म्हणून नोंद इंग्रजीत आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणं करा आणि मराठी किंवा कन्नड नाव वेगळ्या रकान्यात ठेवा. डेटाबेस युनिकोड आहे, दोन्ही लिप्या नीट साठतात. प्रिंट मात्र आधी तपासून घ्या. प्रिस्क्रिप्शनला पीडीएफ आणि एचटीएमएल असे दोन पर्याय असतात. देवनागरी किंवा कन्नड छापायचं असेल तर एचटीएमएल निवडून ब्राउझरमधूनच छापा, जोडाक्षरं तुटत नाहीत.

नवा पेशंट भरताना मशीन जुळणारी जुनी नावं दाखवतं, पण हा शोध अक्षरांवर चालतो. 'एक्स'नं लिहिलेली लक्ष्मी आणि 'के-एस-एच'नं लिहिलेली लक्ष्मी त्याच्या लेखी दोन बायका. गावाचं नाव शोधात धरावं तर तिथंही तीच गत. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी, जुन्या कागदांवर बेलगाम, बोलण्यात बेळगाव. मोबाइल नंबर शोधावा तर घरातल्या पाच जणांना थोरल्या मुलाचाच नंबर. जन्मतारीख बघावी तर आधारवर १ जानेवारी असणारे ढीगभर, कारण वय अंदाजानं सांगितलेलं. आणि लग्नानंतर बाईचं आडनाव, मधलं नाव, कधी पहिलं नावही बदलतं. माहेरी असताना बाळंतपणाची तपासणी झाली, सासरहून दुसऱ्या नावानं आली, की दुसरी फाइल तयार. रक्तगट आणि आधीच्या सिझेरियनची नोंद पहिल्या फाइलीत पडून राहते. हा निव्वळ कारकुनी घोळ नाही.

उपाय लेआउटमध्ये आहे, आणि इथं ओपनईएमआरला मानलं पाहिजे. 'फॉर्म्स'मधल्या 'लेआउट्स'मध्ये डेमोग्राफिक्स (पेशंटची ओळख-माहिती) उघडलं की प्रत्येक रकान्यापुढं तीन पर्याय असतात: वापरू नका, ऐच्छिक, आवश्यक. सोशल सिक्युरिटी, वंश, वांशिकता हे अमेरिकन रकाने 'वापरू नका' करा. राज्यांची यादी पुसून कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा एवढीच ठेवा. नवे रकाने घाला: माहेरचं पूर्ण नाव, गाव (मोकळं न ठेवता यादीतून निवडायचं), तालुका, मोबाइल कुणाचा, वय अंदाजे की खरं, बोलायची भाषा. गावांची यादी एकदा नीट केली की बेळगावच्या स्पेलिंगचा प्रश्नच राहत नाही. यादीत येळ्ळूर, उचगाव, कडोली, नंदगड, हलशी अशी शे-दीडशे गावं भरायला एक दुपार जाते. हे सगळं करायला प्रोग्रॅमर लागत नाही, एक ओळ कोड लिहावी लागत नाही. भाड्याच्या ॲपमध्ये असा एक रकाना वाढवून मागा, काय उत्तर येतं बघा.

याच पानावर 'कुठल्या योजनेत' हा रकानाही घालावा. एकाच ओपीडीत आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड असतं, खासगी विमा असतो, कामगार विमा असतो, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतल्यापासून त्याची विचारणाही असते. पेशंट कुठं पाठवायचा हे पुष्कळदा कार्डावरून ठरतं. पत्र लिहायच्या वेळी ते शोधत बसण्यापेक्षा नोंदणीलाच विचारलेलं बरं.

दोनदा नोंदलेले पेशंट एकत्र करायची सोय मशीनमध्ये आहे. आधी बॅकअप घ्या असं तो पडदाच सांगतो, ते मनावर घ्या. एकत्र केलेलं परत वेगळं करता येत नाही. हा अधिकार एकाच माणसाकडं ठेवा, आणि कागदी फाइली आधी हातात घेऊन पडताळा, मगच बटण दाबा. पडद्यावर सारखे दिसणारे दोन पाटील पुष्कळदा सख्खे चुलतभाऊ निघतात.

औषधांच्या बाबतीत ओपनईएमआर आपल्याला उपयोगाचं नाही, स्पष्टच बोलायचं तर. औषधांची जोडलेली यादी अमेरिकन, मेडिकलला थेट प्रिस्क्रिप्शन पाठवायची सोय अमेरिकन. भारतीय ब्रँड त्यात नाहीत. आपली नेहमीची दीड-दोनशे औषधं एकदा हातानं भरून ठेवली तर लिहिणं सुटसुटीत होतं, पण एकमेकांना मारक औषधांचा इशारा मिळेल अशी आशा धरू नका. डोस १-०-१ असाच लिहा. मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांना तो कळतो. 'जेवणाआधी', 'जेवणानंतर' एवढ्या सूचना दोन भाषांत तयार करून ठेवल्या की भागतं.

बिलाचंही तसंच. 'फी शीट' अमेरिकन कोडवर चालते. कन्सल्टेशन, ड्रेसिंग, इंजेक्शन, ईसीजी असे आपले दहा-बारा कोड करून साधी पावती निघते. मेडिकलचं जीएसटी बिल निघत नाही. त्याला टॅली किंवा जे चालू आहे ते चालू द्या. ॲडमिट पेशंटचे बेड, नर्सिंगचे चार्ट, रोजचा औषधांचा तक्ता यात नावालाही धड नाही. मुळात बाह्यरुग्ण डोळ्यांसमोर ठेवूनच ते बांधलंय. वीस खाटांचं हॉस्पिटल असेल तर बहमनी हे सॉफ्टवेअर बघा. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या गरजेतून ते वाढलं, ओपनएमआरएस, ओडू आणि ओपनएलिस अशा तीन मुक्त प्रणाली त्यात एकत्र बांधल्यात, म्हणून लॅब आणि बिल दोन्ही जमतं. पण तीन प्रणाली म्हणजे सांभाळायला तिप्पट, आणि मशीनही दणकट लागतं.

आभाबद्दल विचारणा फार होते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, आभाचा क्रमांक १४ अंकी. ओपनईएमआर एफएचआयआरची (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित रचनेची) आर-४ आवृत्ती बोलतं आणि मिशनही आर-४ च वापरतं, म्हणून 'जोडलं की झालं' असं काही विक्रेते सांगतात. तसं नाही. ओपनईएमआरची रचना अमेरिकन साच्याची, मिशनचे साचे पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस या आरोग्य-नोंदींच्या मानकांच्या केंद्रानं ठरवलेले. त्यात सँडबॉक्सचे (मिशनच्या चाचणी-व्यवस्थेचे) एम-१, एम-२, एम-३ हे टप्पे पार करावे लागतात. एकट्या दवाखान्याला ते परवडणारं काम नाही. आभा क्रमांकाचा एक रकाना लेआउटमध्ये घालून ठेवा, पुढंमागं कामी येईल, आणि त्यापलीकडच्या गोष्टी सांगणाऱ्याकडून लेखी घ्या.

सुरक्षेत ढिलाई नको. २०१८ मध्ये संशोधकांनी ओपनईएमआरमध्ये वीसहून जास्त त्रुटी दाखवल्या होत्या आणि मग त्या दुरुस्त झाल्या. म्हणजे जुनी आवृत्ती तशीच चालवणं धोक्याचं. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून 'डॉक्टरांना घरून दिसावं' अशी सोय कधीही करू नका. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) लावा. सुरुवातीचा 'ॲडमिन'-'पास' हा पासवर्ड जगाला ठाऊक आहे. सेशन बंद व्हायची मूळ वेळ ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. रिसेप्शनचा पडदा बाकावर बसलेल्याला दिसत असेल तर ती ९०० करा. सगळ्यांनी एकाच लॉगिननं काम करायची आपल्याकडची रीत इथं मोडावी लागते, नाहीतर ऑडिट लॉगमध्ये (कुणी काय केलं याच्या नोंदीत) सगळं एकाच नावावर पडतं. रिसेप्शन, सिस्टर, डॉक्टर, हिशेब असे गट तयारच मिळतात, ते नुसते वाटायचे.

बॅकअपमध्ये हमखास होणारी एक चूक सांगितलीच पाहिजे. लोक फक्त डेटाबेस उतरवून पेनड्राइव्हवर घेतात. ओपनईएमआर स्कॅन केलेले कागद 'साइट्स' फोल्डरमध्ये ठेवतं आणि मूळ सेटिंगमध्ये ते कूटबद्ध करून ठेवतं. त्याच्या किल्ल्या अर्ध्या डेटाबेसमध्ये, अर्ध्या त्याच फोल्डरमध्ये. नुसत्या डेटाबेसचा बॅकअप असेल तर मशीन जळाल्यावर पेशंटची नावं मिळतील, ईसीजी मिळणार नाही. नुसता फोल्डर असेल तर फायली मिळतील आणि एकही उघडणार नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच रात्री घ्या. मेनूतलं बॅकअपचं बटण सुरुवातीला ठीक, कागद वाढले की ब्राउझर मध्येच दम तोडतो. म्हणून रात्रीचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. दोन बाह्य डिस्क आलटून पालटून, त्यातली एक दवाखान्याबाहेर. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर परत चढवून एखादा स्कॅन उघडून बघा. उघडला नाही तर तो बॅकअप नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा तिथं दोनेक आठवडे कागदावर काम करावं लागलं. बॅकअपची डिस्क कायम मशीनला लावून ठेवली असेल तर अशा हल्ल्यात तीही कूटबद्ध होऊन जाते, म्हणून काम झालं की काढून ठेवा.

हेस्कॉमची लाइट पावसाळ्यात कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं यूपीएस हवाच, आणि तोही यूएसबीनं सर्व्हरला निरोप देणारा. बॅटरी संपत आली की 'नट' नावाचं पॅकेज सर्व्हर नीट बंद करतं. यूपीएसवर सर्व्हर, स्विच आणि रिसेप्शनचं एक मशीन एवढंच ठेवा. लेसर प्रिंटर त्यावर लावला की पहिल्याच पानाला यूपीएस आडवा होतो. लाइट नसताना वापरायचे छापील केसपेपर वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे मशीनमध्ये भरायचे राहिलेले कागद दुसऱ्या दिवशी लगेच ओळखता येतात.

कागद किती दिवस ठेवायचे हेही इथंच सांगून टाकतो, कारण सॉफ्टवेअर आलं की पहिला उत्साह रद्दीवाल्याला बोलावण्याचा असतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं, आणि पेशंटनं मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदी दोन वर्षं, गर्भपाताच्या प्रवेशाचं रजिस्टर कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं. कोर्टात चालू असलेलं किंवा तक्रार आलेलं प्रकरण निकाली निघेपर्यंत हात लावायचा नाही. स्कॅन कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येते. त्यामुळं स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नका. तारीख बघा, मग टाका. ७२ तासांच्या मागणीला ओपनईएमआरचा पेशंट रिपोर्ट चांगला कामी येतो. हवे ते भाग टिक करून एकत्र छापता येतात, मिरजेला किंवा बेळगावला पाठवायच्या पत्रालाही तोच जोडा.

शेवटी, कंटाळून सोडायचं ठरवलं तर काय? मेडिकल सॉफ्टवेअर घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नंतर विक्रेत्याच्या दारात उभं राहावं लागतं. इथं सगळं मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीमध्ये आहे, टेबलांची नावं उघड आहेत, पेशंटची माहिती एका टेबलात, भेटी दुसऱ्या, प्रिस्क्रिप्शन तिसऱ्या. डेटाबेस जाणणारा कुणीही मुलगा चार दिवसांत ते एक्सेलमध्ये काढून देईल. स्कॅन मात्र कूटबद्ध आहेत, ते बाहेर काढायचे असतील तर सिस्टिम चालू असतानाच काढा.